केंद्रकाचं गेट: कापसाच्या पेशीत आत कोण जातं, आणि कसं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय ऐकल्यावर काहींना बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक आठवेल. वनस्पतीच्या पेशीत प्रथिनं केंद्रकात, म्हणजे न्यूक्लियसमध्ये, कशी जातात? मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, कोड लिहितो. त्यामुळे कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, कोणाला अडवायचं, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. पेशी हाच प्रश्न कसा सोडवते ते वाचायला लागलो आणि वाचता वाचता थेट कापसापर्यंत पोचलो.

आता कापूस म्हटल्यावर डिलाईल रोडच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. रस्त्याचं अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी कामगार चळवळीतले, आणि हा रस्ता गिरण्यांचा. इथल्या चाळी कापसावर उभ्या राहिल्या. आज गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत, मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ऑफिसं आहेत, हॉटेलं आहेत. पण उदाहरण म्हणून मी कापूसच घेणार आहे. कारण एक तर तो आपल्या ओळखीचा, आणि दुसरं म्हणजे महाराष्ट्रात केंद्रकाच्या गेटची सगळ्यात मोठी गोष्ट कापसाच्याच बाबतीत घडली.

एक तंतू म्हणजे एक पेशी

सुरुवात एका गोष्टीपासून करू, जी मला स्वतःला खूप उशिरा कळली. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी असते. पेशींची रांग नाही, दोरी नाही. एक पेशी.

सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बीच्या, सालीवर बाहेरच्या थरातल्या काही पेशी फूल उमलायच्या सुमाराला फुगायला लागतात आणि मग लांब होत जातात. दोन-तीन आठवडे वाढत राहतात. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, आणि लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. म्हणजे जाडीच्या हजारपटीहून जास्त. त्यानंतर आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटतं, पेशी मरते, वाळते. आपण वेचतो तो त्या मेलेल्या पेशीचा सांगाडा. गिरणीत गाठींनी यायचा तो हाच. कापसाची किंमत ठरताना तंतूची लांबी बघतात, माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तर १९२४ पासून कापसाची तपासणी आणि संशोधन चाललंय. ती लांबी म्हणजे एका पेशीची लांबी, हे लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा, की बीच्या सालीवरच्या सगळ्या पेशी लांब का होत नाहीत? सगळ्यांकडे डीएनए तर तोच आहे. फरक इतकाच की काही पेशींमध्ये 'लांब हो' सांगणारी जनुकं चालू होतात. चालू कोण करतं? काही खास प्रथिनं. कापसात त्यांतल्या एकाचं नाव आहे जीएच-मिब२५-लाईक. शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनू दिलं नाही, तर सरकी टक्कल पडल्यासारखी निघाली. तंतूच नाहीत.

पण हे प्रथिन काम करतं कुठे? डीएनए जिथे आहे तिथे, म्हणजे केंद्रकात. आणि बनतं कुठे? केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रव्यात, रायबोसोमवर. पेशीतलं जवळपास प्रत्येक प्रथिन बाहेरच बनतं, केंद्रकात लागणारंसुद्धा. म्हणजे बनवल्यावर त्याला आत न्यावं लागतं. नेलं नाही तर जनुक चालू होणार नाही, तंतू वाढणार नाही, सूत नाही, कापड नाही. आपल्या सगळ्या गिरण्या त्या एका प्रवासावर उभ्या होत्या असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही.

गेट कसं आहे?

केंद्रकाभोवती दुहेरी आवरण असतं. त्याला भोकं असतात, त्यांना केंद्रकरंध्र म्हणतात. भोक म्हटल्यावर भिंतीला पाडलेलं साधं छिद्र डोळ्यासमोर येईल, तसं ते नाही. प्रत्येक रंध्र म्हणजे प्रथिनांची एक मोठी रचना आहे, वरून बघितलं तर आठ पाकळ्यांच्या फुलासारखी. अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोपटं आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ बरेचसे प्रयोग त्याच्यावर करतात. त्याच्या रंध्रात कमीत कमी ३० प्रकारची प्रथिनं सापडली आहेत. त्यातली बरीचशी माणसाच्या पेशीतल्या रंध्रांसारखीच. एखाद-दुसरं फक्त वनस्पतींचं.

रंध्राच्या मधल्या वाटेत यातल्या काही प्रथिनांच्या सैल, लोंबत्या शेपट्या असतात. त्या एकमेकींत गुंततात आणि एक जाळं होतं. पाणी, मीठ, साखर, छोटे रेणू त्यातून आरामात जातात. लहान प्रथिनंही हळूहळू झिरपतात. पण साधारण ४० किलोडाल्टनच्या वर गेलात की अडकलात. किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप. ही मर्यादा कडक रेषा नाही, जितकं मोठं तितकं अवघड असा प्रकार आहे. आणि पेशीतली बरीचशी कामाची प्रथिनं याहून मोठी असतात. त्यांना गेटवर कोणीतरी न्यायला लागतं.

चिठ्ठी आणि मुकादम

इथे मला गिरणीच्या गेटचं उदाहरण सोपं वाटतं. जुन्या काळी नवीन माणूस थेट गेटातून आत जात नसे. त्याला मुकादम लागायचा, जॉबर म्हणायचे त्याला. मुकादमाला आत-बाहेर मोकळीक. तो ज्याला घेऊन गेला तो आत.

पेशीतल्या मुकादमाचं नाव इंपोर्टिन. इंपोर्टिन कोणाला उचलतो? ज्या प्रथिनाच्या साखळीत एक विशिष्ट छोटा तुकडा आहे त्याला. या तुकड्याला म्हणायचं केंद्रक-संकेत. मी याला सरळ चिठ्ठी म्हणतो.

ही चिठ्ठी किती छोटी असावी? १९८४ साली एका माकडांच्या विषाणूच्या प्रथिनात ती पहिल्यांदा नीट ओळखली गेली. सात अमिनो आम्लं. प्रोलिन, लायसिन, लायसिन, लायसिन, आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. झालं. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत सात. लायसिन आणि आर्जिनिन या दोन्हींवर धन विद्युतभार असतो, आणि इंपोर्टिनच्या अंगावर त्यांना बरोबर बसेल अशी खाच असते. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी दोन तुकड्यांत असते. थोडे लायसिन-आर्जिनिन, मध्ये दहा-बारा इतर अक्षरं, परत थोडे लायसिन-आर्जिनिन. हा दोन तुकड्यांचा प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्यक्षात मुकादम दोघं मिळून काम करतात. इंपोर्टिन-अल्फा चिठ्ठी वाचतो आणि प्रथिनाला धरतो. इंपोर्टिन-बीटा अल्फाला धरतो, आणि रंध्रातल्या त्या लोंबत्या शेपट्यांशी जुळवून घेत, एकीला सोडत दुसरीला धरत, सगळ्यांना पलीकडे नेतो. जाळं इतरांना अडवतं, पण बीटाला त्या शेपट्या चिकटतात, म्हणून त्याला वाट मिळते. अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये इंपोर्टिन-अल्फाचे नऊ प्रकार आहेत, माणसात सात. म्हणजे रोपट्याकडे आपल्यापेक्षा जास्त मुकादम आहेत!

आत गेलेला बाहेर का येत नाही?

इथपर्यंत ऐकून तुमच्यातला इंजिनिअर विचारेल, की भाऊ, जो मुकादम आत नेतो तोच परत बाहेर का नाही आणत? दिशा कशी ठरते?

याचं उत्तर म्हणजे रॅन नावाचं एक छोटं प्रथिन. रॅन दोन अवस्थांत असतं. एकतर त्याला जीटीपी हा ऊर्जेचा रेणू लागलेला असतो, नाहीतर जीडीपी, म्हणजे ऊर्जा खर्च झाल्यावर उरलेला. (अर्थव्यवस्थेचा जीडीपी नाही, बरं का.) केंद्रकाच्या आत रॅनला जीटीपी जोडून तयार ठेवलं जातं. बाहेर आल्या आल्या ते जीटीपी तोडलं जातं. म्हणून आत रॅन-जीटीपी भरपूर, बाहेर जवळजवळ नाही.

आता मुकादम माल घेऊन आत आला की रॅन-जीटीपी त्याला पकडतं. पकड बसली की मुकादमाच्या हातून माल सुटतो. मग रिकामा मुकादम रॅनसकट बाहेर येतो, बाहेर जीटीपी तुटतं, रॅन त्याला सोडतं, मुकादम पुढच्या फेरीला मोकळा. म्हणजे रॅन-जीटीपी ही एक खूण आहे: 'तू आत पोचलास, आता सोड.' ही खूण फक्त आतच असते म्हणून माल फक्त आतच सुटतो. रंध्र स्वतः कुणाला ढकलत नाही की ओढत नाही. ऊर्जा खर्च होते ती आत-बाहेरचा हा फरक टिकवायला.

वनस्पतींनी इथे एक गोष्ट स्वतःच्या पद्धतीने केली आहे. बाहेर जीटीपी तोडायला रॅनला मदत करणारं एक प्रथिन लागतं, रॅनगॅप. प्राण्यांमध्ये ते रंध्राच्या बाहेरच्या बाजूला एका मोठ्या प्रथिनाला बांधलेलं असतं. वनस्पतींकडे ते मोठं प्रथिनच नाही. म्हणून त्यांच्या रॅनगॅपच्या एका टोकाला वेगळाच भाग जोडलेला आहे, आणि तो केंद्रकाच्या आवरणातल्या खास वनस्पतींच्याच प्रथिनांना जाऊन चिकटतो. जागा तीच, काम तेच, खुंटी वेगळी. दोन टीमनी एकच फीचर वेगवेगळ्या लायब्ररी वापरून बांधावं तसं.

चिठ्ठी लपवायची: मुगाचे मोड

आता बघा, चिठ्ठी असलेला प्रत्येक जण कायम आत जात राहिला तर पेशीला काही ठरवताच येणार नाही. सगळी जनुकं सदैव चालू! म्हणून पेशी गेट बंद-चालू करत बसत नाही, ती चिठ्ठी लपवते. चिठ्ठीवर दुसरं काहीतरी बसवते, प्रथिन घडी घालून चिठ्ठी आत दडवते, किंवा चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात ठेवते.

घरातलं उदाहरण घ्या. मूग भिजवून फडक्यात बांधले, डब्यात ठेवले. दोन दिवसांनी मोड येतात. ते पांढरे असतात, आणि विसरलात तर लांबच लांब होतात. तेच मोड उजेडात ठेवले की लांबणं थांबतं, पानं उघडतात, हिरवी होतात. अंधारातून उजेडात आल्याचं त्यांना कसं कळतं?

फायटोक्रोम नावाची प्रथिनं प्रकाश ओळखतात. अंधारात ती केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रव्यात असतात. प्रकाश पडला की त्यांचा आकार बदलतो आणि ती केंद्रकात जातात. आत गेल्यावर 'अंधार आहे, लांब होत राहा' म्हणणाऱ्या प्रथिनांचा काटा काढला जातो आणि हिरवं व्हायची जनुकं चालू होतात. यातलं फायटोक्रोम-ए तर फारच मजेशीर आहे. त्याच्याकडे स्वतःची चिठ्ठीच नाही! एफएचवाय१ नावाचं एक छोटं प्रथिन आहे, चिठ्ठी त्याच्याकडे. प्रकाश पडून फायटोक्रोमचा आकार बदलला की मगच एफएचवाय१ त्याला धरतं, आणि दोघं एका चिठ्ठीवर आत जातात. काही मिनिटांत.

रोगाच्या वेळीही हाच खेळ. एनपीआर१ नावाचं प्रथिन एरवी एकमेकांना बांधून गठ्ठ्याने बाहेर पडून असतं. रोपाला जंतूची लागण झाली, सॅलिसिलिक आम्ल वाढलं, की गठ्ठा सुटतो, सुटी झालेली प्रथिनं आत जातात आणि रोगप्रतिकाराची जनुकं चालू होतात.

म्हणजे 'आत कोण' हा प्रश्न वनस्पतीसाठी जगण्या-मरण्याचा आहे. प्रकाश आला का, शत्रू आला का, तंतू वाढवायचा का, हे सगळे निरोप शेवटी याच गेटातून जातात.

बीईएसटीचं तिकीट

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुम्हाला एक टोकन देतो. त्यानंतर सर्व्हर तुमचं नाव-गाव विचारत नाही, टोकन बघतो. ज्याच्या हातात टोकन, तो आत. बसच्या तिकिटासारखंच. कंडक्टर तिकीट बघतो, ते कोणी विकत घेतलं हे विचारत नाही. सोयीचं आहे, जलद आहे. धोका एकच: टोकन दुसऱ्याच्या हातात पडलं तर तोही आत.

केंद्रकाची चिठ्ठी अगदी अशीच आहे. इंपोर्टिन 'तू कोणाचा?' विचारत नाही. थोडे लायसिन-आर्जिनिन नीट मांडलेले दिसले की उचलतो. आणि ही चिठ्ठी वनस्पती, प्राणी, बुरशी, सगळ्यांत जवळजवळ एकाच भाषेत लिहिलेली आहे. मग कोणी परक्याने ती लिहायला शिकली तर?

कोणी शिकली का? हो. एका जिवाणूने.

परका माणूस, बरोबर चिठ्ठी

द्राक्ष, गुलाब, बदाम अशा झाडांच्या बुंध्याशी, जमिनीलगत, कधीकधी मोठ्या गाठी येतात. १९०७ साली अमेरिकेत दाखवलं गेलं की या गाठी मातीतल्या एका जिवाणूमुळे येतात. त्याला आपण अ‍ॅग्रोबॅक्टेरियम म्हणतो. पुढची सत्तर वर्षं कोडं हे होतं, की जिवाणू मारून टाकला तरी गाठ वाढतच राहते. मग तिला वाढवतंय कोण? १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जिवाणूच्या डीएनएचा एक तुकडाच वनस्पतीच्या पेशीत गेलेला आहे. त्या तुकड्यावरची जनुकं झाडाची वाढीची संप्रेरकं बनवतात, म्हणून गाठ. शिवाय जिवाणूला खाता येईल असं खास अन्नही तीच पेशी बनवून देते. दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःचं उत्पादन लावायचं, तसं.

पण विचार करा, जिवाणूला स्वतःला केंद्रक नसतंच. गेट नाही, मुकादम नाही, चिठ्ठी नाही. मग त्याचा डीएनए झाडाच्या केंद्रकात शिरला कसा?

झाडाला जखम झाली की त्यातून काही रसायनं पाझरतात. जिवाणूला ती जाणवतात. तो आपल्या डीएनएचा ठरलेला तुकडा कापतो. कापणारं प्रथिन व्हिर-डी२. ते कापून बाजूला होत नाही, तुकड्याच्या एका टोकाला पक्कं जोडून राहतं. मग हा तुकडा, पुढे व्हिर-डी२ लावून, एका नळीसारख्या यंत्रणेतून झाडाच्या पेशीत सोडला जातो. मागून व्हिर-ई२ नावाची प्रथिनं येतात आणि डीएनएच्या धाग्याला अंगभर पांघरतात.

आणि व्हिर-डी२ च्या शेवटच्या टोकाला काय आहे? दोन तुकड्यांची चिठ्ठी! लायसिन, आर्जिनिन, मध्ये काही अक्षरं, परत आर्जिनिन, लायसिन. जिवाणूच्या प्रथिनात अशी चिठ्ठी असायचं त्याच्या स्वतःच्या घरी काहीच कारण नाही. ती फक्त झाडाच्या मुकादमासाठी आहे.

१९९२ मध्ये याचा सरळ प्रयोग झाला. एक मोठं प्रथिन घेतलं, जे एरवी गेटाबाहेर राहतं आणि जिथे असेल तिथे निळा रंग देतं. त्याला व्हिर-डी२ जोडलं आणि तंबाखूच्या पेशीत टाकलं. निळा रंग केंद्रकात दिसला. पुढे १९९७ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिसचा इंपोर्टिन-अल्फा व्हिर-डी२ ला धरतो हेही दिसलं. आणि नऊ मुकादमांपैकी इंपोर्टिन-अल्फा-४ नसलेल्या रोपांत या जिवाणूला आपला डीएनए घुसवायला फार जड जातं, हेही सापडलं. म्हणजे झाडाचाच मुकादम, झाडाचंच गेट, झाडाचंच रॅन. जिवाणूने फक्त चिठ्ठी आणली.

जालना, २००२

चिल्टन आणि युरोपातले शास्त्रज्ञ, दोघांच्याही लक्षात एकच गोष्ट आली. तो तुकडा आत नेणारी यंत्रणा तुकड्यावर काय लिहिलंय ते वाचतच नाही. मग गाठीची जनुकं काढून दुसरं काही ठेवलं तर? १९८३ पर्यंत हे करून दाखवलं गेलं. वनस्पतीत बाहेरचं जनुक घालण्याची आजची मुख्य पद्धत अशी जन्माला आली.

आपल्या राज्यात ती पोचली कापसातून. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच 'बीटी', हा मातीतला दुसराच एक जिवाणू. तो बोंडअळीच्या आतड्याला मारक असं एक प्रथिन बनवतो. त्याचं जनुक, क्राय१एसी, अमेरिकेत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या मदतीने कोकर ३१२ नावाच्या कापसाच्या वाणात घातलं गेलं. मग जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सँटोबरोबर ते आपल्या संकरित वाणांत आणलं. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन वाणांना परवानगी दिली. भारतात व्यापारी लागवडीला परवानगी मिळालेलं ते पहिलं जनुकबदल केलेलं पीक.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ते गेट त्या जनुकाने एकदाच ओलांडलं. प्रयोगशाळेत, एका पेशीत. त्या पेशीपासून एक रोप, त्या रोपाचं बी, त्या बियांपासून आलेल्या झाडांशी आपल्या वाणांचा संकर, अशी पुढची सगळी वाटचाल साध्या परागकणांनी झाली. यवतमाळच्या शेतातल्या बीटी कापसात अ‍ॅग्रोबॅक्टेरियम बसलेला नसतो. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ मध्ये दुसरं जनुक जोडलं, ते तर जिवाणूशिवायच. धातूच्या बारीक कणांवर डीएनए लावून ते कण पेशींवर वेगाने मारतात. तिथे चिठ्ठी-मुकादम यांची भानगडच नाही, भिंत फोडूनच आत.

दुसरी गोष्ट. जनुक केंद्रकात बसलं, तरी त्यापासून बनणारं बीटी प्रथिन केंद्रकात काम करत नाही. ते पानात, बोंडात बाहेरच तयार होतं. अळी ते खाते, आणि खरा खेळ होतो अळीच्या आतड्यात. म्हणूनच अळ्यांनी पुढे जी वाट काढली ती त्यांच्या आतड्यातल्या बदलांतून. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात केवढं नुकसान केलं ते शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा केंद्रकाचं गेट बिघडलं नव्हतं. झाड आपलं प्रथिन इमानदारीने बनवतच होतं. अळी बदलली होती.

हे वेगळं करून सांगायचं कारण आहे. बीटीवर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजूंनी सगळं एकात एक मिसळतं. एक बाजू म्हणते, निसर्गाविरुद्ध काहीतरी भयंकर पेशीत घुसवलंय. दुसरी म्हणते, विज्ञान आहे, प्रश्न विचारू नका. जनुक आत जाण्याची पद्धत एक गोष्ट. आत गेलेलं जनुक काय करतं ही दुसरी. ते बी कोणत्या किमतीला, कोणत्या जमिनीत, पाण्याची सोय नसलेल्या कोणत्या शेतकऱ्याला विकलं जातं ही तिसरी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात शोधलं तर सापडणार नाही. आणि पहिल्याची भीती घालून तिसऱ्याची चर्चा टाळता येत नाही.

एकादशीचं रताळं

'निसर्गाविरुद्ध' वर आलोच आहोत तर एक शेवटची गंमत. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. प्रत्येकात अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या डीएनएचा तुकडा सापडला. प्रयोगशाळेचा संबंध नाही. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी, अमेरिका खंडात, एका जिवाणूने हीच चिठ्ठी दाखवून रताळ्याच्या पूर्वजाच्या केंद्रकात प्रवेश मिळवला आणि तो तुकडा तिथेच राहिला. माणसाने पुढे तेच झाड निवडलं, वाढवलं, जगभर नेलं. आषाढी एकादशीला आपण उकडून खातो ते हे.

यावरून 'म्हणजे सगळं सुरक्षित' असा निष्कर्ष काढू नका, बरं का. रताळ्यात गेलेला तुकडा वेगळा, कापसातला वेगळा, प्रत्येकाची तपासणी वेगळी. मुद्दा एवढाच की हे गेट असं ओलांडणं माणसाने शोधलेलं नाही. आपण ते बघितलं, समजून घेतलं आणि वापरलं.

आणि वापर अजून चालूच आहे. जनुक-संपादनाची क्रिस्पर पद्धत ऐकली असेल. तिच्यातलं कॅस९ हे कात्रीसारखं प्रथिनही जिवाणूचं, म्हणून त्याच्याकडे केंद्रकाची चिठ्ठी नसते. झाडाच्या पेशीत ते वापरायचं तर शास्त्रज्ञ त्याच्या टोकाला चिठ्ठी जोडतात. अनेकदा तीच, १९८४ मध्ये माकडांच्या विषाणूत सापडलेली सात अक्षरं. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. उद्या अशी पिकं आपल्या बाजारात येतील, वाद होतील, आणि व्हायलाच हवेत. तेव्हा कोणी विचारलं की हे आत गेलं कसं, तर निदान एवढं सांगता यायला हवं: गेट झाडाचंच होतं, मुकादमही झाडाचाच, चिठ्ठी तेवढी बाहेरून लिहून दिली होती. आणि मग पुढचा, जास्त महत्त्वाचा प्रश्न विचारायचा: आत जाऊन ते करतंय काय, आणि कोणासाठी?

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कोणी कापूस पिकवत असेल, किंवा घरातलं कोणी गिरणीत कामाला होतं आणि कापसाच्या प्रतीबद्दल त्यांच्याकडून काही ऐकलं असेल, तर नक्की लिहून पाठवा. पुढच्या भागात याच गेटाची दुसरी बाजू बघू: केंद्रकातून बाहेर काय येतं, आणि ते कोण आणतं. तोपर्यंत, मुगाला मोड आणायला ठेवले असतील तर दोन-चार दाणे उजेडात ठेवून बघा. काळजी घ्या. भेटू.